संत गोन्सालो गार्सिया : निराशेंतहि अढळ राहिलेली श्रद्धा



ज्युबिलीच्या मंगल समयीं मागें वळून पाहतांना परमेश्वराच्या देणग्यांचें स्मरण आपण आनंदानें करितों. परंतु आपलीं जीं मागणीं त्यानें मान्य केलीं नाहींत, त्यांचेंहि स्मरण करणें उचित आहे. याकरितां वसईचे सुपुत्र संत गोन्सालो गार्सिया यांचें चरित्र आपणांपुढें ठेवितों.

त्यांचा जन्म इ. स. १५५६ च्या सुमारास वसई येथें झाला. पिता पोर्तुगीज, माता आपल्याच प्रांतांतली. जेझुइट संघाच्या धर्मगुरूंपाशीं शिक्षण घेऊन कोंवळ्या वयांतच ते त्यांच्यासमवेत जपानला गेले. ती कठीण भाषा त्यांनीं आत्मसात् केली व सुमारें आठ वर्षें धर्मशिक्षकाचें काम निष्ठेनें केलें. जेझुइट संघांत आपणांस प्रवेश मिळावा, ही एकच इच्छा त्यांनीं उराशीं बाळगिली होती. ती सफल झाली नाहीं.

असा नकार पुष्कळांच्या मनांत कायमची कटुता ठेवून जातो. गोन्सालो संघापासून दूर झाले, देवापासून झाले नाहींत. त्यांनीं व्यापार आरंभिला व त्यांत त्यांचा जम बसला. तथापि धनानें त्यांच्या अंतःकरणाची ती जागा भरली नाहीं. पुढें मनिला येथें फ्रान्सिस्कन संघानें त्यांना आश्रय दिला. तेथें ते धर्मगुरू न होतां साधे धर्मबंधू झाले, आणि त्यांतच त्यांनीं समाधान मानिलें.

इ. स. १५९३ मध्यें फादर पेद्रो बाप्तिस्ता फिलिपाईन्सच्या गव्हर्नरांचे वकील म्हणून जपानला निघाले. सत्ताधीश हिदेयोशी यांच्याशीं बोलणें करण्यास दुभाषी हवा होता. ती सेवा गोन्सालो यांजकडे आली. जीं वर्षें वायां गेलीं असें वाटलें असेल, त्याच वर्षांत शिकलेली भाषा आतां देवाच्या कार्यास उपयोगीं पडली. क्योतो येथें मंदिर उभें राहिलें, महारोग्यांची शुश्रूषा होऊं लागली.

परंतु इ. स. १५९६ मध्यें ‘सान फेलिपे’ हें स्पॅनिश जहाज जपानच्या किनाऱ्यास लागून फुटलें आणि मिशनऱ्यांविषयीं राज्यकर्त्यांचा संशय बळावला. गोन्सालो व त्यांचे सोबती पकडले गेले. त्यांच्या डाव्या कानाचा तुकडा छेदण्यांत आला, व ऐन हिवाळ्यांत त्यांना नागासाकीपर्यंत शेंकडों मैल चालविण्यांत आलें. तेथें ५ फेब्रुवारी १५९७ रोजीं सव्वीस जणांना क्रूसावर चढवून भाल्यांनीं ठार करण्यांत आलें. त्या सव्विसांत तिघे जेझुइट होते. ज्या संघांत जिवंतपणीं जागा मिळाली नाहीं, त्याच्याच पुत्रांच्या पंक्तींत गोन्सालो यांना मरणाची जागा मिळाली.

तें कार्यहि फसलें असें जगास वाटलें, इ. स. १६१४ मध्यें जपानांत ख्रिस्तीधर्मावर सर्वत्र बंदी आली. इ. स. १८६२ मध्यें नववे पोप पायस यांनीं या सव्वीस जणांस संतपद दिलें. तीनच वर्षांनीं, त्यांच्याच नांवें अर्पिलेल्या नागासाकीच्या मंदिरांत, पिढ्यान्‌पिढ्या गुप्तपणें श्रद्धा जपलेले जपानी ख्रिस्ती पुढें आले. बीज मेलें नव्हतें.

बंधुभगिनींनो, कोणाचें पाचारण पूर्ण झालें नसेल, कोणाच्या संसारांत इच्छिलेलें सुख आलें नसेल. दार बंद झालें म्हणून घर सोडूं नका. हातीं आहे तें काम विश्वासानें करीत राहा. संत गोन्सालो यांच्या मध्यस्थीनें आपणां सर्वांस अशी स्थिर श्रद्धा लाभो. आमेन.