मार्सेलो माल्पीघी : फुप्फुसांचें अंतरंग पाहणारा वैद्य

स्वस्थ बसलेला मनुष्य मिनिटास सुमारें १५ वेळां श्वास घेतो. परंतु आंत गेलेली हवा कोठवर जाते आणि तेथें रक्ताशीं तिची गांठ कशी पडते, याचा विचार फारच थोडे लोक करितात. तें स्थळ ज्यानें प्रथम डोळ्यांनीं पाहिलें, त्या मार्सेलो माल्पीघीचें चरित्र विद्यार्थ्यांनीं अवश्य जाणून घ्यावें असें आहे.

इटलींतील बोलोन्या शहराजवळ क्रेव्हालकोरे या गांवीं १६२८ सालीं माल्पीघीचा जन्म झाला. त्याच वर्षीं विल्यम हार्वे या इंग्रज वैद्याचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. हृदयांतून निघालेलें रक्त फिरून हृदयाकडेच येतें, हें त्यानें त्यांत सप्रमाण दाखविलें. मात्र धमन्यांतील रक्त शिरांमध्यें कोणत्या वाटेनें शिरतें, तें त्यास दाखवितां आलें नाहीं.

१६४९ सालीं माल्पीघीचे आईबाप निवर्तले व धाकट्या भावंडांचा भार त्याच्यावर पडला. विद्याभ्यास खंडित झाला, पण सुटला नाहीं; १६५३ सालीं त्यानें वैद्यकाची पदवी मिळविली. पुढें पिसा येथें अध्यापक असतांना बोरेल्ली या गणितज्ञाशीं त्याचा स्नेह जडला.

फुप्फुस म्हणजे मांसाचा गोळा, अशी त्या काळची समजूत होती. माल्पीघीनें सूक्ष्मदर्शक यंत्र लावून पाहिलें, तों श्वासनलिका वृक्षाच्या फांद्यांप्रमाणें विभागत जाऊन शेवटीं पातळ पडद्याच्या चिमुकल्या पिशव्यांत संपते असें त्यास दिसलें. मग त्यानें बेडकाचें जवळजवळ पारदर्शक फुप्फुस तपासलें. त्यांत धमन्या व शिरा यांना जोडणारें केशवाहिन्यांचें जाळें होतें! १६६१ सालीं बोरेल्लीस लिहिलेल्या दोन पत्रांच्या रूपानें हा शोध प्रसिद्ध झाला. हार्वे चारच वर्षांपूर्वीं वारला होता. त्याच्या सिद्धांतांतील उणा दुवा पाहणें त्याच्या नशिबीं नव्हतें.

माल्पीघीसही सर्व कांहीं कळलें नव्हतें. रक्त नीट मिसळणें हेंच फुप्फुसांचें कार्य, असें तो समजे. त्या पिशव्यांच्या पातळ भिंतींतून प्राणवायु रक्तांत जातो, हें उमगण्यास प्राणवायूचा शोध लागावा लागला, व त्यास आणखी शंभरांवर वर्षें गेलीं.

जुन्या ग्रंथांस चिकटून बसलेल्या पंडितांनीं त्याचा आयुष्यभर द्वेष केला. १६८४ सालीं घरास आग लागून त्याचीं यंत्रें व कागदपत्रें भस्मसात् झालीं. तरीहि त्यानें अभ्यास सोडला नाहीं. १६९१ सालीं पोप बारावे इनोसंट यांचा वैद्य म्हणून तो रोमला गेला व तेथेंच १६९४ सालीं मरण पावला.

ज्या क्षुद्र बेडकाकडे कोणी वळूनहि पाहत नसे, त्याच्यापाशीं मनुष्यदेहाच्या एका मोठ्या कोड्याचें उत्तर होतें. लहान वस्तूस तुच्छ न लेखतां ती धीरानें न्याहाळणें, हाच या थोर वैद्याच्या चरित्राचा बोध होय.