रग्बीचे हेडमास्तर डॉ. टॉमस आर्नल्ड

शाळेत शिस्त अधिक असावी की मोकळीक अधिक असावी, हा वाद फार जुना आहे. इंग्लंडातील रग्बी गावच्या शाळेत तो एकदा बंदुकीच्या दारूपर्यंत गेला. १७९७ साली तेथील मुलांनी दारू लावून हेडमास्तरांच्या वर्गाचे दार उडविले, आणि त्यांना आवरण्यासाठी शिपाई आणावे लागले. पुढे १८२८ साली ज्यांनी या शाळेची सूत्रे हाती घेतली, ते डॉ. टॉमस आर्नल्ड होत.

त्यांचा जन्म १३ जून १७९५ रोजी वाइट बेटावर झाला. जकात खात्यात अधिकारी असलेले वडील १८०१ साली वारले. टॉमस विंचेस्टरच्या शाळेत व नंतर ऑक्सफर्ड येथे शिकले. १८१९ पासून सुमारे नऊ वर्षे त्यांनी थेम्सकाठच्या लेलम या गावी थोडेसे विद्यार्थी घरी ठेवून शिकविले.

त्या काळी इंग्लंडातील मोठमोठ्या शाळांत मद्यपान, मारामाऱ्या आणि धाकट्या मुलांचा छळ सर्रास चाले. मास्तरांशी खोटे बोलण्यात मुलांस काहीच वावगे वाटत नसे. आर्नल्ड यांनी यावर निराळा उपाय योजिला. वरच्या वर्गातील मुलांवर त्यांनी विश्वास टाकला आणि शाळेच्या सुव्यवस्थेची जबाबदारी त्यांच्या शिरावर दिली. या मुलांनी काही सांगितले की ते त्यावर पुरावा मागत नसत. आपल्या शब्दावर विसंबणाऱ्या माणसाला फसविणे हीनपणाचे आहे, असे मुलांना हळूहळू वाटू लागले. १८३१ पासून शाळेच्या चॅपेलमधील धर्मसेवाही त्यांनी स्वतःकडे घेतली आणि दर रविवारी ते मुलांना उपदेश करू लागले. ज्या मुलाच्या राहण्याने इतरांचे अहित होई, त्याला ते घरी धाडीत. पालक रागावले, पटावरील संख्या घटली, तरी त्याची त्यांना क्षिती नव्हती.

तथापि हा थोर पुरुष निर्दोष नव्हता. छडी त्यांनी सोडली नव्हती. १८३५ साली एका लेखात त्यांनी धाकट्या मुलांना फटके देण्याचे समर्थनही केले. त्यापूर्वी काही वर्षे त्यांच्या हातून एक गंभीर अन्याय घडला. परीक्षेसाठी आपल्या वर्गाचा किती भाग झाला आहे, हे प्रकृतीने नाजूक अशा एका मुलाने त्यांना सांगितले. ते खोटे आहे असे समजून त्यांनी त्याला अठरा फटके मारले. मागाहून कळले की मुलगा खरेच बोलला होता. तेव्हा डॉ. आर्नल्ड यांनी सर्व शाळेसमोर त्याची क्षमा मागितली. फटके काही परत घेता आले नाहीत. परंतु शिस्त हेडमास्तरांनाही लागू असते, हे त्या दिवशी मुलांनी पाहिले.

त्यांच्या पद्धतीतील उणीव त्यांचे विद्यार्थी टॉमस ह्यूज यांच्या १८५७ सालच्या ‘टॉम ब्राउन्स स्कूल डेज’ या कादंबरीत दिसते. तीत हेडमास्तरांविषयी भक्तिभाव आहे. पण एक दांडगा मुलगा लहान टॉमला विस्तवापुढे धरून भाजतो, तरी टॉम तोंड उघडीत नाही. त्या दांडग्यास शाळा सोडावी लागते ती पुढे, दारू प्याल्यामुळे. थोरल्यांवर विश्वास टाकला, पण धाकट्यांना आपले दुःख सांगण्याची वाट मोकळी नसली, तर असे होते.

१२ जून १८४२ रोजी, सत्तेचाळिसावा वाढदिवस एका दिवसावर आला असता, डॉ. आर्नल्ड हृदयविकाराने प्रभूच्या घरी गेले. रग्बीच्या चॅपेलमध्येच त्यांना पुरले.

आपल्या देशात २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने मुलांना शारीरिक शिक्षा देण्यास बंदी केली आहे, आणि ते योग्यच झाले. छडी गेली म्हणजे शिस्त गेली, अशी चिंता काही पालकांस वाटते. त्यांनी हे चरित्र आठवावे. रग्बीची शाळा सुधारली ती फटक्यांनी नव्हे, विश्वासाने सुधारली. विद्यार्थिमित्रहो, तुमच्यावर कोणी विश्वास टाकला तर त्याला पात्र व्हा. तुमच्याहून लहान मुलाला तुमच्याजवळ निर्भय वाटावे, असे वागा. आणि तुमचा छळ होत असेल तर तो सांगा. त्यात भ्याडपणा नाही.