डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि विद्यार्थ्याची नोंद

सातारा येथील त्या वेळच्या सरकारी हायस्कूलच्या, म्हणजेच आजच्या प्रतापसिंह हायस्कूलच्या नोंदवहीत १९१४ या क्रमांकापुढे भिवा रामजी आंबेडकर असे नाव आहे. प्रवेशाची तारीख ७ नोव्हेंबर १९००, इयत्ता इंग्रजी पहिली. २०१७ पासून महाराष्ट्रात हा दिवस विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. त्या दिवशी आपण परमपूज्य बाबासाहेबांच्या प्रतिमेस पुष्पहार अर्पण करतो आणि विद्यार्थ्यांना त्यांच्या अफाट व्यासंगाची कथा सांगतो. ज्या कागदावरच्या एका ओळीमुळे हा दिवस आपल्याला मिळाला, त्या कागदाचा विचार मात्र सहसा कोणी करीत नाही.

नाव, क्रमांक, तारीख आणि इयत्ता एवढेच त्या ओळीत आहे. हा नऊ वर्षांचा मुलगा घरून आणलेल्या गोणपाटावर, इतरांपासून दूर बसत असे, हे तीत नाही. तहान लागली तर शिपायाने वरून पाणी ओतावे लागे आणि शिपाई जागेवर नसेल तर दिवसभर तहानलेलेच राहावे लागे, हेही तीत नाही. पटावर तो मुलगा हजर होता. त्याची हजेरी त्याला कोणत्या मोलाने पडत होती, हे पट सांगत नव्हता.

शाळेतील नोंदींचा उपयोग विद्यार्थ्याला आधार देण्यासाठी कसा करावा, हा प्रश्न आज प्रत्येक शिक्षकापुढे आणि समुपदेशकापुढे आहे. बाबासाहेबांच्या चरित्राकडे या एका दृष्टीने पाहिले तर बरेच शिकता येते, असे आम्हांस वाटते. म्हणून या स्मरणिकेत त्यांच्या जीवनातील तेवढाच धागा आम्ही उलगडून पाहत आहोत.

बाबासाहेबांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे झाला. वडील सुभेदार रामजी सकपाळ यांनी मुलाच्या शिक्षणासाठी पुढे मुंबई गाठली. परळच्या डबक चाळीतील एका खोलीत सारे कुटुंब राहत होते. वडील पहाटे दोन वाजता मुलाला अभ्यासास उठवीत आणि त्याच्या रिकाम्या झालेल्या जागेवर आपण झोपत. अशा परिस्थितीत एल्फिन्स्टन हायस्कूलमधून भीमराव १९०७ साली मॅट्रिक झाले. त्यांना ७५० पैकी २८२ गुण मिळाले होते. संस्कृत शिकण्याची इच्छा असूनही अस्पृश्य म्हणून ती वाट बंद झाल्याने त्यांना फारसी हा विषय घ्यावा लागला होता. गुणपत्रिकेवर फारसी एवढेच दिसते. तो विषय आवडीने घेतला की नाइलाजाने, हे तिच्यावरून कळत नाही.

२८२ हा आकडा केवळ आकडा म्हणून पाहणाऱ्याने तो मुलगा सामान्य ठरविला असता. सुदैवाने त्याला पाहणारे एक गुरुजी होते. विल्सन हायस्कूलचे शिक्षक कृष्णाजी अर्जुन केळुसकर हे चर्नी रोडच्या बागेत फिरावयास जात. तेथे एकांतात पुस्तक वाचीत बसणारा हा मुलगा त्यांच्या दृष्टीस पडला. त्यांनी विचारपूस केली, वाचावयास पुस्तके दिली. मॅट्रिकच्या यशानिमित्त सी. के. बोले यांच्या अध्यक्षतेखाली झालेल्या सत्कारसभेत केळुसकरांनी स्वतः लिहिलेले भगवान बुद्धांचे चरित्र त्यांस भेट दिले. पुढे महाविद्यालयीन शिक्षणात पैशाची अडचण आली तेव्हा बडोद्याच्या सयाजीराव महाराजांकडे शब्द टाकून दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळवून दिली, तीही केळुसकरांनीच. केळुसकर त्यांच्या शाळेचे शिक्षक नव्हते आणि त्यांच्या पटावर हे नाव नव्हते. तरीही समुपदेशकाचे जे काम असते, म्हणजे मुलाला हेरणे, त्याची नेमकी गरज जाणणे आणि ती भागवू शकेल अशा दारापर्यंत त्याला नेणे, ते त्यांनी पुरतेपणी केले.

१९१३ साली बडोदा संस्थानच्याच शिष्यवृत्तीवर बाबासाहेब न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. त्यानंतर लंडनमध्ये त्यांनी अर्थशास्त्राचा अभ्यास पूर्ण केला. सरकारी अहवाल, जमाखर्च आणि कोष्टके वाचण्याची जी शिस्त त्यांनी तेथे कमावली, ती मायदेशी परतल्यावर त्यांनी आपल्या समाजाच्या मुलांच्या कामी लावली.

येथे आपल्या सोलापूरचा संबंध येतो. २० जुलै १९२४ रोजी मुंबईत बहिष्कृत हितकारिणी सभेची स्थापना झाली. सभेने हाती घेतलेल्या पहिल्या कामांपैकी एक म्हणजे ४ जानेवारी १९२५ रोजी सोलापुरात सुरू केलेले वसतिगृह होय. हायस्कूलात शिकणाऱ्या अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी ते होते. राहणे, जेवण, कपडे आणि वह्या-पुस्तके यांचा भार सभा उचलीत असे. जिवाप्पा ऐदाळे यांनी त्याची व्यवस्था सांभाळली आणि सोलापूर नगरपालिकेने ४० रुपयांचे अनुदान दिले. त्या काळी अस्पृश्यांसाठी काही ठिकाणी प्राथमिक शाळा होत्या. परंतु प्राथमिक शाळा संपली की मुलाची वाट खुंटत असे, कारण हायस्कूल शहरात होते आणि शहरात त्याला राहावयास जागा नव्हती. जेथे मूल गळते तेथेच आधार उभा करावयाचा, हा विचार या वसतिगृहामागे होता. आज आपल्या जिल्ह्यातील प्रत्येक निवासी शाळा त्याच विचाराचा वारसा चालवीत आहे.

१९२७ साली बाबासाहेब मुंबई विधिमंडळाचे सदस्य झाले आणि त्याच वर्षीच्या मार्च महिन्यात शिक्षणाच्या अनुदानावर बोलताना त्यांनी सरकारपुढे सरकारचेच आकडे मांडले. प्राथमिक शाळेत दाखल होणाऱ्या दर १०० मुलांपैकी केवळ १८ मुले चौथ्या इयत्तेपर्यंत पोहोचतात आणि उरलेली ८२ पुन्हा निरक्षरतेत जातात, हे त्यांनी दाखवून दिले. सरकार शिक्षणावर दरडोई १४ आणे खर्च करते आणि अबकारी करापोटी त्याच जनतेकडून दरडोई दोन रुपयांहून अधिक वसूल करते, हेही त्यांनी सभागृहाच्या ध्यानात आणून दिले.

त्यानंतर त्यांनी वर्गवार आकडे सांगितले. प्राथमिक शिक्षणात दर हजार लोकसंख्येमागे पुढारलेल्या हिंदूंचे ११९, मुसलमानांचे ९२, मध्यम वर्गाचे ३८ आणि मागासवर्गाचे १८ विद्यार्थी होते. माध्यमिक शिक्षणात दर लाखामागे हेच प्रमाण अनुक्रमे ३०००, ५००, १४० आणि १४ असे होते. महाविद्यालयात तर मागासवर्गाच्या रकान्यात जवळजवळ शून्यच होते. एकूण पटसंख्या वाढली म्हणून समाधान मानणाऱ्यांना त्यांनी अशा रीतीने दाखवून दिले की सरासरीच्या आड कोणती मुले झाकली जातात, हे पाहिल्यावाचून आकड्यांचा अर्थ लागत नाही. आपल्या शाळांत निकालाची टक्केवारी फलकावर लावताना हे आम्हीही लक्षात ठेवले पाहिजे.

पुढील वर्षी, २९ मे १९२८ रोजी, बहिष्कृत हितकारिणी सभेच्या वतीने त्यांनी सायमन कमिशनला मुंबई इलाख्यातील अस्पृश्यांच्या शिक्षणाविषयी सविस्तर निवेदन सादर केले. त्यात शतकभराच्या कागदपत्रांचा धांडोळा आहे. १८८१-८२ साली इलाख्यातील प्राथमिक शाळांत खालच्या मानलेल्या जातींची २८६२ मुले होती, मिडल स्कूलमध्ये अवघी १७, आणि हायस्कूल व कॉलेजात एकही नव्हते. या कोष्टकांसोबत त्यांनी १८५६ साली धारवाडच्या सरकारी शाळेत प्रवेश नाकारल्या गेलेल्या एका महार मुलाची हकीकतही दिली. आकड्यावरून अन्यायाचा विस्तार कळतो आणि एका मुलाच्या हकीकतीवरून तो अन्याय कसा घडतो ते कळते. निवेदनात त्यांनी दोन्ही शेजारी ठेवले.

१९२८ च्या अखेरीस सरकारने स्टार्ट यांच्या अध्यक्षतेखाली अस्पृश्य आणि आदिवासी यांच्या स्थितीची चौकशी करण्यासाठी समिती नेमली. बाबासाहेब तिचे सदस्य होते. कचेरीत बसून आलेले तक्ते तपासणे त्यांना शक्य होते. परंतु त्यांनी खानदेशात स्वतः हिंडून माहिती घेतली. याच दौऱ्यात १९२९ च्या ऑक्टोबरमध्ये चाळीसगावी टांगेवाल्यांनी त्यांना नेण्यास नकार दिला. वस्तीतल्या एका अननुभवी माणसाने टांगा हाकला, पुलावर अपघात झाला आणि त्यांच्या पायास गंभीर दुखापत झाली. दुसऱ्याच्या मुलांची खरी माहिती गोळा करण्यासाठी त्यांनी ही किंमत मोजली. १९३० साली आलेल्या समितीच्या अहवालात वसतिगृहे आणि शिष्यवृत्त्या वाढविण्यावर भर होता.

१९४२ साली व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना त्यांनी अनुसूचित जातींच्या अडचणींचे निवेदन लिहिले. त्यानंतर या विद्यार्थ्यांच्या उच्च शिक्षणासाठी केंद्र सरकारकडून वार्षिक तीन लाख रुपयांची तरतूद झाली. ८ जुलै १९४५ रोजी त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली. १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झाले आणि नोकरी करणाऱ्या मुलांना शिकता यावे म्हणून तेथे सकाळचे वर्ग ठेवले गेले. १९५० साली उच्च शिक्षणाच्या सोयींत मागे राहिलेल्या मराठवाड्यासाठी औरंगाबादेत महाविद्यालय उभे राहिले. तेच आजचे मिलिंद महाविद्यालय. मुलाची अडचण काय आहे हे आधी पाहावयाचे आणि मग संस्थेची घडी त्याप्रमाणे बसवावयाची, ही त्यांची रीत अखेरपर्यंत कायम राहिली. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे त्यांनी धम्मदीक्षा घेतली आणि ६ डिसेंबर १९५६ रोजी त्यांचे महापरिनिर्वाण झाले.

या चरित्रातून आमच्यापुरता बोध आम्ही प्रामाणिकपणे मांडू इच्छितो. आज शाळेत माहितीची वाण नाही. हजेरीपट आहे, प्रगतिपुस्तक आहे, आरोग्य तपासणीचे कार्ड आहे, संगणकावर भरलेली माहिती आहे. परंतु ही माहिती वर पाठविण्यासाठी जितक्या तत्परतेने भरली जाते, तितक्या आस्थेने ती शाळेत बसून वाचली जात नाही. ही उणीव आमचीही आहे. दिवाळीच्या सुट्टीनंतर कोण परतले नाही? आईवडील ऊसतोडीस गेले म्हणून धाकट्या भावंडांना सांभाळण्यास कोण मागे राहिली? सहामाहीपर्यंत गणितात बरा असलेला मुलगा अचानक का घसरला, आणि त्याच महिन्यात तो आजारी म्हणून किती वेळा नोंदला गेला? या प्रश्नांची सुरुवात त्याच वह्यांत असते. वेगवेगळ्या वह्या एकत्र ठेवून महिन्यातून एकदा वर्गशिक्षक, गृहपाल आणि समुपदेशक यांनी त्या वाचल्या, तर मूल गळण्याआधी त्याच्यापर्यंत पोहोचता येईल.

मात्र एक सावधगिरी हवी. नोंद मुलाला वेगळे बसविण्यासाठीही वापरली जाऊ शकते, हे बाबासाहेबांच्या बालपणापेक्षा अधिक चांगले कोण सांगू शकेल? म्हणून घरची गरिबी, आजार, आईवडिलांतील तंटा यांविषयीची माहिती चारचौघांत वाचली जाऊ नये. शिष्यवृत्तीसाठीही मुलाची जात वर्गात मोठ्याने विचारली जाऊ नये. कमी गुणांवरून एखाद्यावर मठ्ठ असा शिक्का बसू नये. ज्या माहितीने मुलास मदत होणार नाही, ती गोळा करण्याचे कारण नाही. वहीत जे कळते ते मुलाशी बोलून पडताळावे, आणि त्याचे म्हणणे वहीपेक्षा अधिक मानावे.

माजी विद्यार्थ्यांना आणि पालकांना आमची एवढीच विनंती आहे की केळुसकर गुरुजींचे काम पगारी समुपदेशकावर सोडून देऊ नये. आपल्या गावचे, आपल्या वस्तीचे जे मूल शाळेत आहे, त्याची विचारपूस करावी, आणि ते घरी राहिले असेल तर आम्हांस कळवावे. पुढील वर्षी पटावरून एखादे नाव कमी झाले, तर ते का कमी झाले हे आम्हांस ठाऊक असले पाहिजे, आणि ते मूल परत यावे म्हणून आपण काय केले हेही त्याच वहीत लिहिलेले असले पाहिजे.