एक्स६४ की एआरएम६४? कोणता इन्स्टॉलर घ्यायचा, समजून घ्या गॅरी किल्डॉल यांच्या आयुष्यातून

अहिल्यानगर : संगमनेर असो की श्रीरामपूर, कॉलेजसाठी सेकंडहँड लॅपटॉप घेतला की अनेकदा पहिले काम असते ऑपरेटिंग सिस्टिम नव्याने टाकण्याचे. डाउनलोड करताना मात्र एक्स६४, एएमडी६४, एआरएम६४ अशी नावे दिसतात आणि गोंधळ उडतो. सिस्टिम एकच, मग फाइली वेगळ्या का? याचे उत्तर अमेरिकन संगणकतज्ज्ञ गॅरी किल्डॉल यांच्या आयुष्यात सापडते.

कोण होते किल्डॉल?

त्यांचा जन्म १९ मे १९४२ रोजी सिअ‍ॅटलमध्ये झाला. घरची जहाजचालन शिकवणारी शाळा होती. १९७२ मध्ये त्यांनी वॉशिंग्टन विद्यापीठातून संगणकशास्त्रात पीएचडी मिळवली. कॅलिफोर्नियात नौदलाच्या पदव्युत्तर संस्थेत शिकवत असतानाच ते इंटेलसाठीही काम करू लागले. १९७४ मध्ये त्यांनी इंटेलच्या ८०८० प्रोसेसरसाठी सीपी/एम ही ऑपरेटिंग सिस्टिम तयार केली. पत्नी डोरोथी यांच्यासह त्यांनी डिजिटल रिसर्च ही कंपनी उभारली.

बायोसची कल्पना कशी आली?

त्या काळी प्रत्येक कंपनीच्या संगणकाची रचना वेगळी असे. प्रत्येकासाठी पूर्ण सिस्टिम पुन्हा लिहिणे परवडणारे नव्हते. किल्डॉल यांनी डिस्क, कीबोर्ड, स्क्रीन सांभाळणारा छोटा भाग वेगळा काढला. त्यालाच बायोस हे नाव मिळाले. तेवढा भाग बदलला की सीपी/एम दुसऱ्या कंपनीच्या मशिनवर चालू लागे. अट एकच, प्रोसेसर त्याच जातीचा हवा.

संधी कशी हुकली?

इंटेलचा ८०८६ प्रोसेसर आला आणि हीच अट आडवी आली. ८०८० साठीची सीपी/एम त्यावर जशीच्या तशी चालेना. नवी आवृत्ती यायला उशीर झाला. तोवर सिअ‍ॅटलच्या एका कंपनीत टिम पॅटरसन यांनी ८०८६ साठी वेगळी सिस्टिम लिहिली. मायक्रोसॉफ्टने ती विकत घेऊन आयबीएमला दिली. १९८१ मध्ये आयबीएमचा पीसी बाजारात आला. डॉसची किंमत ४० डॉलर होती, तर नंतर आलेल्या सीपी/एम-८६ ची २४० डॉलर. ग्राहकांनी स्वस्त पर्याय निवडला. डिजिटल रिसर्च १९९१ मध्ये नोव्हेलने घेतली. ११ जुलै १९९४ रोजी, वयाच्या ५२ व्या वर्षी किल्डॉल यांचे निधन झाले.

आज काय लक्षात ठेवायचे?

प्रत्येक प्रोसेसरला ठरावीक आज्ञाच कळतात. म्हणून इन्स्टॉलर त्याच्याशी जुळलाच पाहिजे.

- इंटेल किंवा एएमडीचा ६४ बिट प्रोसेसर : एक्स६४ घ्या. एएमडी६४ हे त्याचेच दुसरे नाव आहे. ते इंटेललाही चालते.
- स्नॅपड्रॅगन प्रोसेसरचा विंडोज लॅपटॉप : एआरएम६४ घ्या.
- ॲपलचा मॅक : 'अबाउट धिस मॅक' उघडा. एम१, एम२ अशी चिप दिसली तर तो एआरएम गटातला.
- विंडोजमध्ये : सेटिंग्ज, सिस्टिम, अबाउट येथे 'सिस्टिम टाइप' पाहा.

चुकीचा इन्स्टॉलर बहुधा सुरूच होत नाही. मात्र त्याआधी डिस्क फॉरमॅट केली असेल, तर फोटो आणि प्रोजेक्ट गमावण्याची वेळ येते. त्यामुळे आधी बॅकअप, मग प्रोसेसरची खात्री आणि शेवटी डाउनलोड, हाच क्रम ठेवा.