कर्मवीरांची चूल आणि फीमाफीच्या पुढचा प्रश्न

गरीब विद्यार्थ्याला मदत करावयाची म्हणजे त्याची फी माफ करावयाची, अशी एक सोयीस्कर समजूत आपल्या समाजात रुजून बसली आहे. फी माफ झाली, पुस्तके मिळाली, गणवेश मिळाला की शासनाचे व समाजाचे कर्तव्य संपले असे मानले जाते. आणि त्यानंतरही मूल शाळेतून गळाले तर त्याचा दोष आईबापांच्या अनास्थेवर टाकला जातो. ही समजूत किती अपुरी आहे हे पाहावयाचे असेल तर ठाण्याच्या वागळे इस्टेटसारख्या कामगार वस्तीकडे पाहावे, आणि तिच्या पलीकडे जाण्याची वाट कोणती हे जाणून घ्यावयाचे असेल तर कर्मवीर भाऊराव पाटील यांचे चरित्र पुन्हा एकदा डोळ्यांखालून घालावे.

महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने १९६२ साली उभारलेली वागळे इस्टेट ही महामंडळाची पहिली औद्योगिक वसाहत. सातारा, सांगली, कोल्हापूर, कोकण, खानदेश या भागांतून पोटामागे आलेली माणसे या वसाहतीच्या कारखान्यांत कामाला लागली आणि किसननगर, श्रीनगर, इंदिरानगर, लोकमान्यनगर अशा वस्त्यांतून त्यांचे संसार उभे राहिले. १९८० नंतरच्या दोन दशकांत यांपैकी कित्येक कारखाने बंद पडले वा अन्यत्र हलले. आज त्या जागांवर माहिती तंत्रज्ञान कंपन्यांच्या काचेच्या इमारती दिसतात. पाठीमागच्या गल्ल्यांत मात्र कंत्राटी कामगार, सुरक्षा रक्षक, रिक्षाचालक आणि घरकाम करणाऱ्या स्त्रिया यांची बिऱ्हाडे आहेत. अशा घरात कर्त्या माणसाचे काम सुटले की मुलाचे शिक्षण फीसाठी थांबत नाही, कारण महापालिकेच्या शाळेत फी नसतेच. ते थांबते भाड्यासाठी, किराण्यासाठी, आजारी माणसाच्या औषधासाठी. आई कामाला जाऊ लागली की धाकट्या भावंडांना सांभाळण्यासाठी थोरली मुलगी घरी राहते. दहा बाय दहाच्या खोलीत रात्री वही उघडून बसण्यापुरती जागा मिळत नाही म्हणूनही शिक्षण थांबते. शाळेच्या हजेरीपटावर यांपैकी एकाही कारणासाठी रकाना नाही.

शिक्षणाआड येणारी भिंत शाळेच्या दारात नसून घराच्या चुलीपाशी असते, हे ज्यांनी शंभर वर्षांपूर्वी ओळखले त्यांत भाऊराव पाटील यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागेल. २२ सप्टेंबर १८८७ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातील कुंभोज येथे एका जैन कुटुंबात त्यांचा जन्म झाला. कुटुंबाचे मूळ गाव ऐतवडे बुद्रुक. वडील पायगोंडा पाटील महसूल खात्यात कारकून होते. बदलीच्या नोकरीमुळे मुलाचे शिक्षण निरनिराळ्या गावी झाले. पुढे भाऊरावांना कोल्हापुरास जैन वसतिगृहात ठेवण्यात आले आणि राजाराम हायस्कूलमध्ये त्यांचे नाव घातले गेले. इंग्रजी शिक्षणात त्यांची मजल सहाव्या इयत्तेपलीकडे गेली नाही. ज्या पुरुषाने पुढे महाविद्यालये काढली, तो स्वतः मॅट्रिकही झाला नव्हता.

तथापि कोल्हापुरातील त्या वर्षांनी त्यांना जे शिकविले ते कोणत्याही परीक्षेत मिळणारे नव्हते. राजर्षी शाहू छत्रपतींच्या प्रेरणेने तेथे निरनिराळ्या जातींच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे उभी राहत होती. अस्पृश्य मानल्या गेलेल्या मुलांसाठी काढलेल्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या उद्घाटनास भाऊराव गेले. परत आल्यावर शुद्धीसाठी स्नान करावे असा आग्रह जैन वसतिगृहाच्या व्यवस्थापनाने, म्हणजे अण्णासाहेब लठ्ठे यांनी, धरला. भाऊरावांनी तो मानला नाही आणि त्यांना वसतिगृह सोडावे लागले. डोक्यावरचे छप्पर गेले की विद्यार्थ्याची काय अवस्था होते, याचा अनुभव त्यांना असा आला. पुढे १९१४ साली कोल्हापुरातील डांबर प्रकरणात याच लठ्ठ्यांविरुद्ध खोटी साक्ष देण्यासाठी त्यांच्यावर दडपण आले. त्यांनी तुरुंगातील छळ सोसला, पण खोटी साक्ष दिली नाही. ज्याने आपल्याला दाराबाहेर काढले त्याच्यावरही अन्याय होऊ द्यावयाचा नाही, असा हा पीळ होता.

शिकवण्या करून त्यांनी काही काळ चरितार्थ चालविला. साताऱ्यात ते पाटील मास्तर म्हणून ओळखले जात. नंतर ओगले काच कारखान्याचे कंदील आणि किर्लोस्करांचे नांगर विकण्याच्या निमित्ताने ते खेडोपाडी हिंडले. ही फिरती नोकरी त्यांच्या कार्याची खरी शाळा ठरली. शेतकऱ्याच्या ओसरीवर बसून नांगराचे गुण सांगताना त्याच्या घरातील मुले शाळेत का जात नाहीत हेही त्यांच्या ध्यानात येत गेले. गावात शाळा नव्हती, आणि शाळेच्या गावी राहावयाचे तर जेवणाची सोय नव्हती. बुद्धी होती, पण पोट आडवे येत होते. सत्यशोधक समाजाच्या विचारांनी भारलेल्या या फिरत्या विक्रेत्याने त्यावर उपाय शोधला तो वसतिगृहाचा. दुधगाव येथे सर्व जातींच्या मुलांना एकत्र ठेवणाऱ्या वसतिगृहाच्या प्रयत्नात त्यांचा हात होता. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराड तालुक्यातील काले या गावी त्यांनी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली आणि १९२४ साली तिचे ठाणे साताऱ्यास हलविले.

साताऱ्याच्या वसतिगृहात मराठा, महार, मांग, जैन, मुसलमान अशा सर्व जातिधर्मांची मुले एका पंगतीत जेवू लागली. त्या काळात ही गोष्ट साधी नव्हती. या पंगतीच्या मागे एक चूल होती आणि त्या चुलीमागे लक्ष्मीबाई होत्या. सोवळ्याओवळ्याच्या संस्कारांत वाढलेल्या या बाईंनी पतीच्या कार्यासाठी ते संस्कार बाजूस सारले, परक्यांच्या मुलांना पोटच्या मुलांसारखे खाऊ घातले आणि वसतिगृहात धान्याचा दाणा उरला नाही तेव्हा अंगावरचे दागिने एकामागून एक विकले. अखेरीस मंगळसूत्रही गेले. १९३० साली त्यांचे निधन झाले. भाऊरावांच्या नावाचा गौरव करताना लक्ष्मीबाईंच्या वाट्याला बहुधा दोन ओळी येतात. वस्तुतः महाराष्ट्रातील बहुजन समाजाच्या शिक्षणाचे पहिले भांडवल त्यांच्या गळ्यातून उतरले होते.

२५ फेब्रुवारी १९२७ रोजी महात्मा गांधींच्या हस्ते या वसतिगृहाचे श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस असे नामकरण झाले. पुणे करारानंतर १९३२ साली पुण्यात युनियन बोर्डिंग हाऊस निघाले. १९३५ साली साताऱ्यास अध्यापक विद्यालय सुरू झाले, कारण खेड्यांत शाळा काढावयाच्या तर खेड्यांत राहणारे शिक्षक हवेत हे उघड होते. त्यानंतरच्या वर्षांत गावोगावी स्वयंसेवी शाळा निघाल्या. १९४० साली सुरू झालेले महाराजा सयाजीराव हायस्कूल आणि १९४७ साली निघालेले छत्रपती शिवाजी कॉलेज यांत कमवा आणि शिका या योजनेला पूर्ण रूप आले. मुले शेत कसत, खडी फोडत, इमारतींच्या बांधकामावर राबत, स्वयंपाकघर सांभाळत आणि या कामाच्या मोबदल्यात त्यांचे जेवणखाण व शिक्षण होत असे.

या योजनेचे मर्म नीट समजून घेतले पाहिजे, कारण तिच्या नावाखाली आज पुष्कळदा भलत्याच गोष्टीचे समर्थन केले जाते. वागळे इस्टेटच्या एखाद्या गाळ्यात चौदा वर्षांचा मुलगा बारा तास राबतो आणि रात्री दमून झोपतो, याला कमवा आणि शिका म्हणता येणार नाही. तेथे कमाई राहते, शिक्षण जाते. आणि कायद्यानेही चौदा वर्षांखालील मुलास कामावर ठेवणे हा गुन्हा आहे. भाऊरावांच्या योजनेत कामाचा धनी कोणी मालक नव्हता, शिक्षणसंस्था होती. कामाचे तास अभ्यासाच्या तासांना पाहून ठरत आणि श्रमाचे मोल पुन्हा विद्यार्थ्याच्याच ताटात पडे. मुख्य म्हणजे आपण कोणाच्या दयेवर शिकत नाही हा विश्वास त्या मुलाला मिळत असे. मदत घेणाऱ्याची मान खाली जाऊ नये, हा त्या योजनेचा गाभा होता.

दुसरी गोष्ट अशी की भाऊराव समाजाकडे हात पसरताना कधी लाजले नाहीत. खादीची वस्त्रे, वाढलेली दाढी, हातात काठी आणि अनवाणी पाय अशा वेषात ते गावोगाव फिरत आणि ज्याच्याजवळ जे असेल ते मागत. कोणी धान्य दिले, कोणी जमीन दिली, कोणी चार दिवसांचे श्रम दिले. स्वातंत्र्यानंतर सरकारवर केलेल्या टीकेमुळे संस्थेचे अनुदान काही काळ थांबले, तेव्हा गाडगे महाराजांसारखा संत तिच्या पाठीशी उभा राहिला आणि कालांतराने अनुदान पुन्हा सुरू झाले. १९५४ साली कराडास निघालेल्या महाविद्यालयाला गाडगे महाराजांचेच नाव देण्यात आले. १९५९ साली भारत सरकारने भाऊरावांना पद्मभूषण दिले, पुणे विद्यापीठाने सन्माननीय डी. लिट. दिली आणि त्याच वर्षी ९ मे रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. शाहू बोर्डिंगमध्ये वाढलेले बॅरिस्टर पी. जी. पाटील पुढे शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू झाले. वसतिगृहाच्या चुलीवरची भाकरी किती लांब पोहोचते याचा याहून बोलका पुरावा कोणता?

आता वागळे इस्टेटकडे वळावे. भाऊरावांच्या काळी जे नव्हते त्यातले पुष्कळ आज आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना मोफत शिक्षणाचा अधिकार दिला. शाळेत पोषण आहार मिळतो, पाठ्यपुस्तके मिळतात. आई किंवा वडील गमावलेल्या मुलांसाठी बालसंगोपन योजना आहे. आठवीत परीक्षा घेऊन आर्थिक दुर्बल घटकांतील गुणवंतांना नववीपासून बारावीपर्यंत वर्षाला बारा हजार रुपये देणारी राष्ट्रीय शिष्यवृत्ती आहे. मग उणीव कोठे आहे?

पहिली उणीव अशी की कायद्याचा हक्क चौदाव्या वर्षी आणि पोषण आहार आठवीच्या वर्गात संपतो, आणि नेमके तेथूनच घर मुलाच्या हातांकडे आशेने पाहू लागते. नववी व दहावी ही दोन वर्षे गरीब घरातील मुलाच्या दृष्टीने सर्वांत निसरडी, आणि त्याच वळणावर आधाराचा हात सुटतो. दुसरी उणीव अशी की शिष्यवृत्ती परीक्षेत चमकणाऱ्यास मिळते. घरावर संकट आल्यामुळे जो मागे पडला त्याला मिळत नाही, आणि मदतीची अधिक गरज तर त्यालाच असते. तिसरी उणीव कागदांची. उत्पन्नाचा दाखला काढावयाचा तर कंत्राटी कामगाराजवळ पगाराची पावती नसते, भाडेकरूजवळ पत्त्याचा पुरावा नसतो आणि दाखल्यासाठी खेपा घालावयाच्या तर प्रत्येक खेपेला एका दिवसाची मजुरी बुडते. योजना असतात, पण त्यांच्यापर्यंत जाण्याचे भाडे गरिबाच्या खिशात नसते.

या तिन्ही उणिवा भरून काढण्यासाठी साताऱ्याचे वसतिगृह जसेच्या तसे ठाण्यात आणण्याची गरज नाही. कामगार वस्तीतील मुलाला बहुधा घर असते. त्याला हवी असते ती घरात नसलेली शांतता, संध्याकाळचे चार घास आणि अडचणीत विचारपूस करणारे एक माणूस. शाळा सुटल्यावर महापालिकेच्या कित्येक शाळांचे वर्ग संध्याकाळी रिकामे असतात. ते रात्री नऊपर्यंत अभ्यासिकेसाठी उघडे ठेवता येतील. पोषण आहार दहावीपर्यंत नेता येईल. प्रत्येक शाळेत एका शिक्षकाकडे, इतर कामांचा बोजा कमी करून, अडचणीतील कुटुंबांचे काम सोपविता येईल: मूल सलग आठ दिवस गैरहजर राहिले की त्याने घरी जावे, कारण समजून घ्यावे आणि दाखले व अर्ज शाळेतच पुरे करून द्यावेत. जनगणना व निवडणुकीच्या कामांसाठी जो शिक्षक घरोघर पाठविला जातो, त्याला विद्यार्थ्याच्या घरी जाण्यासाठी वेळ देणे अशक्य आहे असे कोण म्हणेल?

खर्चाचा प्रश्न येईल. परंतु ज्या वसाहतीत कामगारांच्या श्रमांवर कारखाने उभे राहिले आणि ज्या जमिनीवर आज मोठमोठ्या कंपन्यांची कार्यालये चालतात, तेथील उद्योगांकडे आणि सुस्थितीतील नागरिकांकडे यासाठी मागणे हा भिक्षेचा प्रकार ठरत नाही. जेथे शेतकऱ्याने पोत्यातले धान्य दिले, तेथे नोकरदाराने महिन्याच्या पगारातले थोडे देण्यास हरकत नसावी. मात्र ते देताना मुलांना रांगेत उभे करून छायाचित्रे काढण्याचा मोह आवरला पाहिजे. वह्यावाटपाचा समारंभ हा दात्याचा उत्सव असतो, घेणाऱ्याच्या मनावर त्याचा ओरखडा उरतो.

दरवर्षी २२ सप्टेंबरला कर्मवीरांच्या तसबिरीला हार घातला जातो. तो अवश्य घालावा. पण त्याच दिवशी प्रत्येक मुख्याध्यापकाने हजेरीपट उघडून जूनमध्ये असलेली आणि आता नसलेली नावे मोजावीत व ती मुले कोठे गेली याचा शोध घ्यावा. भाऊरावांनी मुले शोधण्यासाठी पायी जिल्हा तुडविला. किसननगरची गल्ली शाळेपासून दहा मिनिटांच्या अंतरावर आहे.