पाखरांचा माणूस सलीम अली : पुरस्काराचा पैसाही पाखरांसाठीच दिला!

विहिरीवरच्या बाभळीला लोंबणारे सुगरणीचे खोपे आपल्या बीड जिल्ह्यात कुणी पाहिले नाहीत? पण त्यातले काही खोपे अर्धवटच का राहतात, हे फार थोड्यांना सांगता येईल. याचं उत्तर १९३० साली अलिबागजवळच्या किहीम गावात एका बेकार माणसानं शोधलं. तो माणूस म्हणजे डॉ. सलीम अली.

खोपा मादी नाही, नर बांधतो. अर्धा झाला की मादी येऊन पाहणी करते. पसंत पडला तर तिथं संसार, नाही तर खोपा तसाच सोडलेला. तासन् तास बसून, वहीत लिहून त्यांनी ही नोंद केली.

सलीम अलींचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ चा, मुंबईतला. वडील वर्षभरात गेले, आई तीन वर्षांचे असताना. मामांनी सांभाळलं. हातात छऱ्याची बंदूक आली आणि पोरगा चिमण्या मारू लागला. एकदा पडलेल्या चिमणीच्या गळ्याला पिवळा ठिपका दिसला. ही कोणती चिमणी, हे विचारायला तो बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेला. तिथल्या मिलार्ड साहेबांनी पेंढा भरून ठेवलेले शेकडो पक्षी दाखवले. तिथून आयुष्याची वाट बदलली.

वाट सोपी नव्हती. ब्रह्मदेशात घरचा धंदा सांभाळायला गेले, तो बसला. मुंबईच्या संग्रहालयात नोकरी लागली. पुढं जर्मनीला जाऊन पक्ष्यांचं शास्त्र शिकून आले, तर पैशाअभावी ती जागाच रद्द झालेली. म्हणून किहीमला मुक्काम हलवला होता.

मग त्यांनी संस्थानांपुढं प्रस्ताव ठेवला. पगार नको, फक्त खर्च द्या, तुमच्या मुलखातल्या पक्ष्यांची नोंद करून देतो. हैदराबाद संस्थानानं होकार दिला आणि १९३१-३२ मध्ये पाहणी झाली. तेव्हा आपला बीड जिल्हाही याच निजामाच्या राज्यात होता. पत्नी तहमिना प्रत्येक मुक्कामी सोबत असायच्या. १९३९ ला त्या गेल्या. १९४१ मध्ये सलीम अलींचं भारतीय पक्ष्यांवरचं पुस्तक आलं आणि घराघरात पोहोचलं.

मानसन्मान उशिरा आले, पण रांगेनं आले. १९५८ ला पद्मभूषण, १९६७ ला ब्रिटिश पक्षीतज्ज्ञांच्या संघटनेचं सुवर्णपदक, १९७६ ला पद्मविभूषण. जे. पॉल गेटी वन्यजीव संरक्षण पुरस्काराची मोठी रक्कमही मिळाली. ती घरात न ठेवता त्यांनी निसर्ग संरक्षणाच्या निधीला देऊन टाकली. १९८५ मध्ये ते राज्यसभेवर नियुक्त झाले.

एवढा मोठा माणूस, पण चूक त्यांच्याकडूनही झाली. राजस्थानातलं भरतपूरचं पाणथळ वाचवण्यात त्यांचा मोठा वाटा. तिथं म्हशी चारणं बंद व्हावं, असंही त्यांचं मत होतं. १९८२ मध्ये बंदी आली, गावकरी चिडले, पोलिसांच्या गोळीबारात काही जण मारले गेले. पुढं त्यांच्याच सोसायटीच्या अभ्यासातून उलटंच निघालं. म्हशी गेल्या, गवत माजलं, पाणी झाकलं गेलं आणि पाणपक्ष्यांची अडचण झाली. सोसायटीनं हे लपवलं नाही, अहवालात स्पष्ट मांडलं. तोवर सलीम अली हयात नव्हते. २० जून १९८७ ला मुंबईत त्यांचं निधन झालं होतं.

आपल्या पाटोदा तालुक्यात नायगावचं मयूर अभयारण्य १९९४ पासून आहे, जवळपास ३० चौरस किलोमीटरचं. मोर पेरलेलं उकरतो, ही शेतकऱ्याची तक्रार खोटी नाही. गुरं चारायची कुठं, हा प्रश्नही खराच. म्हणूनच भरतपूरची गोष्ट आपल्या कामाची आहे. रान राखायचं तर गावाला सोबत घेऊनच, आणि अंदाजानं नाही, मोजून-लिहून.

दरवर्षी ५ ते १२ नोव्हेंबर राज्यात पक्षी सप्ताह असतो. त्याचा शेवटचा दिवस म्हणजे सलीम अलींची जयंती. झाडं लावल्याचे, पक्षी वाचवल्याचे पुरस्कार आज गावोगाव मिळतात, फोटो निघतात, चांगलंच आहे. पण फोटोनंतर रोपाला पाणी कोण घालतं, उन्हाळ्यात पाणवठा कोण भरतं, खरं काम तिथं आहे. यंदा पोरांच्या हातातली गलोल काढून घेताना एक वही-पेन तेवढं द्या. काय सांगावं, पुढचा सलीम अली आपल्याच वस्तीवर निघेल!