उमाजी नाईक

मला उमाजी नाईक फार आवडतात. त्यांचा जन्म १७९१ साली पुरंदर किल्ल्याजवळ भिवडी गावी झाला. त्यांचे वडील किल्ल्याची राखण करायचे. १८१८ साली पेशवाई बुडाली. इंग्रजांनी रामोशांची राखणदारी व जमिनी काढून घेतल्या. उमाजींना तुरुंगात टाकले, तर ते तिथेच लिहायवाचायला शिकले! सुटल्यावर त्यांनी माणसे जमवली आणि गनिमी कावा सुरू केला. अचानक छापा घालायचा नि डोंगरात पसार व्हायचे. पलटणीला ते काही सापडेनात. मग सरकारने १०,००० रुपये व ४०० बिघे जमीन बक्षीस लावले. तेव्हा आपलीच माणसे फितूर झाली. ३ फेब्रुवारी १८३२ ला पुण्यात उमाजींना फाशी दिली. हे वाचून मला रडू आले. मी कधीच फितूर होणार नाही.